जलरंगात रामायण-महाभारत : कथाचित्रांचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

रामायण-महाभारतातील प्रसंग जलरंगात रंगवू पाहणारे नवोदित चित्रकार बहुधा सर्वांत आधी कागद कोणता घ्यावा आणि रंग कोणते घ्यावेत, असे विचारतात. माझ्या मते कामाची सुरुवात ग्रंथ वाचण्यापासून करावी. तैलरंगात मुकुटाचा आकार बिघडला तर तो खरवडून पुन्हा रंगवता येतो. जलरंगात पांढरा भाग म्हणजे न रंगवलेला कागद असतो, आणि एकदा त्यावर रंग उतरला की तो शुभ्रपणा पूर्वीसारखा परत मिळत नाही. त्यामुळे प्रकाश कुठून येतो, वस्त्र कोणते आहे, हातात काय आहे आणि पात्र कोणत्या मनःस्थितीत आहे, हे सारे ब्रश भिजवण्याआधी ठरलेले असावे लागते. कथाचित्रात या प्रश्नांची उत्तरे कथेतच सापडतात. पुढे दिलेला क्रम याच विचारावर बेतलेला आहे.

प्रसंग मुळातून वाचावा

ज्या प्रसंगाचे चित्र करायचे आहे, तो ऐकीव माहितीवर किंवा दूरदर्शनवर पाहिलेल्या दृश्यांवर सोडू नये. वाल्मीकिरामायणाची आणि महाभारताची मराठी भाषांतरे सहज मिळतात. महाभारताच्या बाबतीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, उपलब्ध आहे. तिचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. चित्रकारांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे या प्रचंड कामामागची एक मूळ प्रेरणा चित्रांचीच होती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, महाभारताची सचित्र आवृत्ती निघावी अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी संस्थेला आर्थिक साहाय्य देऊ केले. चित्र काढायचे म्हणून आधी पाठ शुद्ध हवा, या आग्रहातून केवढे कार्य उभे राहू शकते, याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण आहे.

मुळातून वाचल्याने चित्र कसे बदलते, ते काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. कर्णाने जन्मजात कवचकुंडले इंद्राला दान केल्याची कथा वनपर्वात येते, म्हणजे पांडवांच्या वनवासाच्याच काळात. त्यामुळे कुरुक्षेत्रावरील कर्णाच्या छातीवर ते तेजस्वी जन्मजात कवच दाखवणे कथेला सोडून होते. द्रौपदी श्यामवर्णी आहे आणि म्हणूनच तिला कृष्णा म्हटले आहे, तरीही असंख्य चित्रांत ती गोरीपान दिसते. अर्जुनाच्या रथाला पांढरे घोडे आहेत आणि त्याच्या ध्वजावर कपी आहे, तर भीष्मांच्या ध्वजावर ताडवृक्ष आहे. वनवासातील सीता आपण सवयीने वल्कलात रंगवतो, परंतु वाल्मीकींच्या कथेत तिला वल्कले नेसवण्यास विरोध होतो आणि दशरथ तिच्यासाठी वस्त्रे व अलंकार देववतो. पुढे रावण तिला घेऊन जात असताना ती उत्तरीयात गुंडाळून ऋष्यमूक पर्वतावरील वानरांमध्ये टाकते, ते तिच्या अंगावरचे दागिनेच. पंचवटीतल्या सीतेच्या अंगावर अलंकार दाखवले नाहीत, तर ऋष्यमूकावरचे पुढचे चित्र कथेच्या दृष्टीने निराधार ठरते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. लोकमानसात रूढ झालेल्या काही गोष्टी मूळ ग्रंथात नाहीत, आणि लक्ष्मणरेषा हे त्यांतले सर्वांत ठळक उदाहरण आहे. वाल्मीकींच्या कथेत ती नसली, तरी नंतरच्या परंपरेत ती इतकी पक्की रुजली आहे की मुलांच्या पुस्तकाचे संपादक ती हमखास मागतात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा हे चित्र कोणत्या पाठावर आधारलेले आहे, एवढे पहिल्याच बैठकीत विचारून लिहून घ्यावे. परंपरेतली रामकथा रंगवण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र एकाच पुस्तकात दोन पाठांची सरमिसळ झाली, तर जाणत्या वाचकाला ती खटकते.

वाचताना प्रत्येक प्रसंगासाठी वहीचे एक पान राखून ठेवावे आणि त्यावर स्थळ, वेळ, उजेडाचे मूळ, वस्त्रे, शस्त्रे, उपस्थित पात्रे आणि भाव एवढे टिपावे. ही टिपणे पुढे संपादकाशी बोलताना फार उपयोगी पडतात.

आधीच्या चित्रकारांचे काम पाहावे

वेरूळला जाणे शक्य असेल, तर कैलास मंदिराच्या भिंतींवरचे रामायण व महाभारताचे शिल्पपट सावकाश पाहावेत. थोड्या जागेत पुष्कळ पात्रे कशी बसवायची, हे आडव्या ओळींच्या त्या रचनेतून शिकता येते. सतराव्या शतकात, १६४९ ते १६५३ या काळात, मेवाडचा महाराणा जगतसिंह याच्यासाठी सचित्र रामायण तयार झाले. त्याची बहुतेक पाने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, आणि विखुरलेली ही पाने संगणकीय रूपात एकत्र पाहता येतात. त्यांत एकच पात्र एकाच चित्रात दोन-तीनदा येते आणि कथा डोळ्यांसमोर पुढे सरकते. मुलांच्या पुस्तकासाठी ही युक्ती आजही तितकीच ताजी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा तर कथेसाठीच जन्मलेली आहे. तिथे चित्र दाखवत कथा गायली जाते, त्यामुळे प्रत्येक पात्राची बाह्यरेषा दुरूनही ओळखू येईल इतकी ठाम असते.

राजा रविवर्मा यांनी देवींना आणि पुराणातल्या स्त्रियांना नऊवारी साडी दिली, आणि छापील चित्रांमुळे ते रूप घराघरांत पोहोचले. त्यांचा अभ्यास करावा, परंतु तेच एकमेव रूप मानू नये. जलरंगाच्या विद्यार्थ्याने मात्र बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांच्या शिष्यांची वॉश पद्धत नक्की समजून घ्यावी. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यात आले होते, आणि त्यांच्या सहवासातून ही पद्धत घडत गेली. चित्र रंगवून वाळवायचे, संपूर्ण कागद पाण्यात बुडवायचा, जादा रंग निघून जाऊ द्यायचा आणि पुन्हा रंग चढवायचा, असे अनेकदा केल्यावर चित्रावर धुक्यासारखा एकजीव पडदा तयार होतो. अरण्य, रात्र, विरह आणि स्मृती यांच्या प्रसंगांना ही पद्धत विलक्षण शोभते, तर युद्धाच्या गर्दीत ती चित्राचा जोर कमी करते, असे माझे मत आहे.

शरीरप्रमाणांसाठी विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र पाहावे. त्यात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पाच प्रकार सांगून त्यांच्या उंची अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुळे दिल्या आहेत. चेहरा १२ अंगुळांचा धरला, तर हंस पुरुष चेहऱ्याच्या नऊपट उंच होतो. राम, कृष्ण, अर्जुन यांना उंच प्रमाण द्यावे, सेवकांना आणि सामान्य सैनिकांना कमी द्यावे. गर्दीच्या चित्रातही नायक आपोआप वेगळा दिसू लागतो.

साहित्य

साहित्यावर फार विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आणि शक्य असेल तर पूर्ण सुती असावा. बारीक दागिने व चेहरे असलेल्या चित्रांना गुळगुळीत हॉट प्रेस कागद बरा पडतो, आणि आकाश, डोंगर, अरण्य यांना मध्यम पोताचा कोल्ड प्रेस. हातकागदावर रंगवणार असाल, तर कोपऱ्यात पाण्याचा एक हात मारून पाहावा. कागद पाणी लगेच शोषून घेत असेल, तर त्याला पुरेसे सायझिंग (पाणी शोषणे रोखणारा लेप) नाही आणि त्यावर सलग वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, बसणार नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमटपणामुळे कागदाचे सायझिंग खराब होऊन वॉशमध्ये ठिपके उमटतात. म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, जमिनीपासून उंचावर ठेवावा.

रंग थोडे पण चांगल्या प्रतीचे घ्यावेत. यलो ऑकर, एक स्वच्छ पिवळा, बर्न्ट सिएना, क्विनाक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू आणि बर्न्ट अंबर एवढ्यांवर बहुतेक प्रसंग रंगवता येतात. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचण्याची सवय लावावी. पारंपरिक अ‍ॅलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडतो, त्यामुळे जे मूळ चित्र ग्राहकाच्या भिंतीवर लागणार आहे, त्यात तो वापरू नये.

एक प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत : अशोकवनातील सीता

सुंदरकांडातला हा प्रसंग मुद्दाम निवडला आहे, कारण वाल्मीकींनी इथे चित्रकारासाठी जणू सारी टिपणे लिहूनच ठेवली आहेत. रात्र आहे आणि चंद्र उगवला आहे. सीता शिंशपा वृक्षाखाली बसली आहे, अंगावर एकच मळलेले पिवळे उत्तम वस्त्र आहे, केसांची एकच वेणी आहे, भोवती राक्षसींचा पहारा आहे. कवी तिला धुराने वेढलेल्या अग्निशिखेची उपमा देतो. चूडामणी ती पुढे वस्त्राच्या गाठीतून सोडवून हनुमानाला देते, म्हणून तो केसांत दाखवू नये. हनुमान लंकेत शिरतो तो मांजराएवढा लहान होऊन, त्यामुळे फांदीवर धिप्पाड वानर बसवला तर प्रसंगातले लपून पाहणेच नाहीसे होते.

आता कामाचा क्रम पाहू. प्रथम काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पाच-सहा लघुरेखाटने करावीत आणि प्रत्येकात दोनच गोष्टी तपासाव्यात. पाहणाऱ्याची नजर आधी कुठे जाते आणि पुस्तकाचा मजकूर कुठे बसणार आहे, या त्या दोन गोष्टी होत. निवडलेल्या रेखाटनाचा सेपियासारख्या एकाच रंगात छायाप्रकाशाचा अभ्यास करावा. या चित्रात सर्वांत उजळ जागा तीनच ठेवाव्यात : सीतेच्या चेहऱ्याची चंद्राकडची बाजू, खांद्यावरच्या वस्त्राची कड आणि पानांमधून दिसणारा आकाशाचा तुकडा. राक्षसी, खोड आणि जमीन यांना गडद पट्ट्यात एकत्र जाऊ द्यावे.

पूर्ण आकाराचे रेखांकन साध्या कागदावर पक्के करून लाइट बॉक्सवरून (खालून उजेड देणाऱ्या काचेच्या पेटीवरून) जलरंगाच्या कागदावर फिक्या पेन्सिलीने उतरवावे. जलरंगाच्या कागदावरच खोडरबर घासत बसल्यास पृष्ठभाग दुखावतो, आणि ती जागा वॉशमध्ये काळपट डागासारखी उठून दिसते. त्यानंतर कागद भिजवून, बोर्डवर गमटेपने चारही बाजूंनी चिकटवून, आडवा ठेवून पूर्ण वाळवावा.

चेहऱ्याची आणि वस्त्राची उजळ कड मास्किंग फ्लुइडने, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने, झाकावी. त्यासाठी जुना ब्रश घ्यावा आणि तो आधी साबणाच्या पाण्यात बुडवावा, नाहीतर त्याचे केस कायमचे चिकटतात. उन्हाळ्यात हे द्रव्य कागदावर जास्त दिवस राहू देऊ नये, कारण काढताना कागदाचा पापुद्राही निघून येतो.

पहिला वॉश संपूर्ण कागद ओला करून द्यावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचे पातळ करडे मिश्रण कडांकडून आत आणावे, आणि सीतेच्या आकृतीभोवती कागद ओला असतानाच यलो ऑकर सोडावा. दोन्ही रंग जिथे भेटतात, तिथे कड विरघळते आणि पिवळ्या वस्त्राचा उजेड करड्या धुरात मिसळल्यासारखा दिसतो. धुरातल्या अग्निशिखेची उपमा चित्रात उतरते ती याच टप्प्यावर, पुढे चेहऱ्यावर कितीही कष्ट घेतले तरी ते काम होत नाही. कागदावरची चकाकी गेली की हात थांबवावा. अर्धवट ओल्या भागात पुन्हा ब्रश घातल्याने फुलकोबीसारखे डाग उमटतात.

पूर्ण वाळल्यावर वृक्षाचे खोड आणि राक्षसींचा समूह एकाच सलग आकारात, रंग बदलत बदलत भरावा, आणि दोन-तीनच चेहऱ्यांना तपशील द्यावा. वस्त्राचा मळकेपणा दाखवण्यासाठी त्यावर बर्न्ट अंबरचा अगदी पातळ हात द्यावा. पिवळ्याच्या सावलीत जांभळा घालण्याचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो, पण ते मिश्रण चटकन चिखलासारखे होते. ऑकर आणि बर्न्ट सिएनाची सावली अधिक स्वच्छ राहते. चेहऱ्याच्या रेषा अगदी शेवटी, दोन नंबरच्या ब्रशने, तांबूस तपकिरी रंगात काढाव्यात. काळ्या रेषेने चेहरा कापून लावल्यासारखा दिसतो. हनुमान पानांच्या गडद पुंजक्यात असावा, त्याची एकच कड चंद्रप्रकाशात दिसावी आणि बाकीची हरवलेली असावी.

श्यामवर्ण आणि सोने

नवोदितांचे सर्वाधिक प्रयत्न या दोन गोष्टींवर खर्ची पडतात. श्यामवर्णासाठी थेट निळा रंग लावू नये. ओठ, गाल, तळहात आणि तळपाय इथे आधी पातळ गुलाबी थर द्यावा, तो वाळल्यावर निळ्याचे दोन-तीन पारदर्शक थर चढवावेत, म्हणजे निळ्याखालून रक्ताची ऊब जाणवत राहते. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि रवाळ पोत येतो. मेघांना तो सुंदर दिसतो, बाळकृष्णाच्या गालावर दिसत नाही. चेहऱ्यासाठी बर्न्ट सिएनाने शांत केलेला थॅलो ब्लू घ्यावा. राम आणि कृष्ण एकाच मालिकेत येणार असतील, तर रामाला दूर्वादलश्याम म्हणतात हे ध्यानात ठेवून त्याच्या निळ्यात किंचित हिरवा झुकाव द्यावा आणि कृष्णाला मेघाचा करडा-निळा ठेवावा.

सोन्यासाठी सोनेरी धातूचा रंग टाळावा. स्कॅन केल्यावर आणि छापल्यावर तो निस्तेज तपकिरी दिसतो. खरे सोने हे तीव्र विरोधाने दिसते : कोरा कागद, त्याला लागून स्वच्छ पिवळा, मग ऑकर, आणि सावलीत एकदम गडद बर्न्ट अंबर. मुकुटावरील प्रत्येक मणी रंगवण्याऐवजी प्रकाशाकडचे चार मणी नीट रंगवावेत, म्हणजे बाकीचे नुसते सुचवले तरी पुरतात.

पुस्तकासाठी काम करताना

मालिका सुरू करण्यापूर्वी प्रत्येक प्रमुख पात्राचा एक तक्ता करावा. त्यात समोरून, बाजूने आणि पाठमोरी आकृती, वस्त्राच्या रंगाचे मिश्रण आणि दागिने असावेत. भीमाची गदा तिसऱ्या चित्रात गोल आणि नवव्यात चौकोनी झाली, तर लहान मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही. चित्र छापील आकाराच्या साधारण सव्वापट रंगवावे, चारही बाजूंना कापणीसाठी किमान ३ मिलिमीटर जादा भाग ठेवावा आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रात शिवणीच्या जागी चेहरा येऊ देऊ नये.

स्कॅन छापील आकाराला किमान ३०० डीपीआयचे, बारीक काम असल्यास ६०० चे करावे. अल्ट्रामरीनचा तेजस्वी निळा आणि जांभळे रंग छपाईच्या चार शाईंमध्ये तसेच्या तसे उतरत नाहीत आणि कृष्ण जांभळट होण्याचा धोका असतो. म्हणून संगणकाच्या पडद्यावर विसंबून न राहता छापील प्रूफ मागावे आणि ते मूळ चित्राशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात तपासावे.

इतर कामे आणि व्यवहार

केवळ पौराणिक चित्रांवर चरितार्थ चालवणे सुरुवातीला कठीण असते. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, जुन्या वाड्यांची व घरांची चित्रे, व्यक्तिचित्रे अशी कामे येत राहतात आणि ती मनापासून करावीत. चित्रकार दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठाच्या चित्राला मराठी घरात जे स्थान मिळवून दिले, ते पाहिले तर अशा कामाला दुय्यम म्हणवत नाही. दिवाळी अंकांची कामे गणपतीच्या आधीच हातावेगळी करावी लागतात, हे वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे. दिवंगत आजी-आजोबांचे चित्र कृष्णधवल छायाचित्रावरून करायचे असेल, तर लुगड्याचा रंग, वर्ण आणि चष्म्याची काडी याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्यावे. देवतेचे चित्र असेल, तर त्या घराची परंपरा विचारावी. विठ्ठल सर्वांचा एकच असला, तरी कुणाला पंढरपूरच्या मूर्तीबरहुकूम हवा असतो, तर कुणाला तुकोबांच्या अभंगातला पीतांबर आणि तुळशीहार ल्यालेला.

रकमेचा व टप्प्यांचा करार लेखी करावा. कच्चे रेखाटन मान्य झाल्यावरच रंगकाम सुरू होईल, रेखाटनात दोनदा बदल करून मिळतील आणि रंगवल्यानंतरचा मोठा बदल म्हणजे नवे चित्र समजले जाईल, हे त्यात स्पष्ट असावे. निम्मी रक्कम आगाऊ मागण्यात संकोच बाळगू नये.

कॉपीराइटविषयीचा नियम तर प्रत्येकाने नीट समजून घ्यायलाच हवा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सामान्यतः कलाकृतीचा पहिला हक्कदार तिचा कर्ता असतो, परंतु कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला कॉपीराइट ते काम देणाऱ्याकडे जातो. म्हणजे करारात काहीच लिहिले नाही, तर आपण रंगवलेली सीता उद्या कॅलेंडरवर छापली जाऊ शकते आणि तिचे पैसे आपल्याला मिळत नाहीत. यासाठी कॉपीराइट चित्रकाराकडे राहील आणि प्रकाशकाला अमुक पुस्तकाच्या अमुक भाषेतील आवृत्त्यांपुरता छपाईचा परवाना असेल, असे एक वाक्य करारात घालावे. हक्क हस्तांतरित करायचेच असतील, तर मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहावेत. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसल्यास भारत. मूळ चित्राची मालकी हा याहून निराळा मुद्दा आहे. पुस्तक छापून झाल्यावर मूळ चित्र परत मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि ते खराब झाल्यास भरपाई किती, हेही त्याच कागदावर नोंदवून दोघांच्या सह्या घ्याव्यात.